गुरुवारच्या बारा सुया

आईचा शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, आणि त्या दिवशी सकाळी मी तिच्या बारा सुयांमधले बारा दोरे काढून ठेवले.

आई पुस्तकं बांधायची. घराच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आमची बांधणीची खोली आहे. एका भिंतीला पुठ्ठ्यांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि खिडकीपाशी आईचं टेबल. छापलेला मोठा कागद घडी घालत गेलं की सोळा पानांची एक जुडी होते. तिला आमच्याकडे जुज म्हणतात. अशी वीस-तीस जुजं एकावर एक ठेवून सुई-दोऱ्यानं शिवली की पुस्तकाला कणा येतो. वडील होते तोवर दोघांनी मिळून, आणि ते गेल्यावर एकटीनं, आईनं जन्मभर हेच केलं. कापायचं आणि दाबायचं काम आता धाकटा भाऊ बघतो. शिवणीचं काम आई आणि वहिनीचं.

वहिनी म्हणजे या भावाची बायको. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, पण मी तिला पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणते. नावानं हाक मारायची तर थोडी जवळीक लागते.

गेली चार वर्षं आईची नजर अधू झाली होती. शिवण ती बोटांनीच करायची, त्यामुळे कामात फरक पडला नाही. फक्त सुईचं नेढं तिला दिसत नसे. म्हणून वहिनी रोज सकाळी बारा दोरे कापायची, मेणाच्या वडीवरून ओढायची, बारा सुयांत ओवायची आणि टेबलाच्या कडेला ठोकलेल्या जाड कापडाच्या पट्टीत रांगेनं टोचून ठेवायची. बारा सुया दुपारच्या जेवणापर्यंत पुरत. तोवर आईला कुणालाही हाक मारावी लागत नसे.

त्या रांगेचा मला किती राग यायचा हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, हाताखाली सहा माणसं. आणि तिला हेवा कशाचा, तर ओवलेल्या सुयांचा.

लहानपणी मलाही त्या टेबलाशी बसवलं होतं. पण मी शिवायच्या ऐवजी वाचत बसायचे. घडी घातलेल्या, अजून कडा न कापलेल्या जुजात पानं आतल्या आत मिटलेली असतात. मी ती फुगवून, नळीसारखी डोळ्याला लावून आत काय लिहिलंय ते बघायचे. आई म्हणायची, "कापल्याशिवाय नाही वाचता येत, बाईसाहेब. तेवढं एकालाच जमतं." आणि वर बोट दाखवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्या हातात जुज गेलं की ते परत येत नाही हो." सगळे हसायचे. शेवटी मला त्या कामातून मोकळं केलं. तू वाच, तू शीक. यात माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मायेनं का होईना, मला त्या खोलीच्या बाहेर काढलं होतं.

मग वहिनी आली. तीन महिन्यांत तिचा टाका आईच्या टाक्यासारखा पडायला लागला. एकदा कागदवाले काका आले होते. आईनं अर्धं स्वतः शिवलेलं आणि अर्धं वहिनीनं पुरं केलेलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"सांगा बघू, कुठपर्यंत माझं आणि कुठून हिचं?"

काकांनी चष्मा वर-खाली केला, बोट ठेवलं. चुकले. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी दारात उभी होते. माझं परीक्षेतलं सुवर्णपदक आईनं कपाटात नीट जपून ठेवलं होतं. असं कुणापुढे धरून, हसून-खिदळून मात्र तिनं मला कधी दाखवलं नव्हतं.

त्या दोघींचं बोलणंही अर्धं-अर्धं असायचं.

"पोरी, ते..."

"लावलं, आई."

"आणि मग त्याला..."

"उद्या. आज वाळणार नाही."

आणि मी मधलं एखादं पान गळालेलं पुस्तक वाचत असल्यासारखी बसलेली.

त्या गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून वाचनालयातला एक जुना शब्दकोश घेऊन आले होते. कणा मोडलेला, जुजं सुटी झालेली. खरं तर शिपायाबरोबर पाठवता आला असता. खोलीत कुणी नव्हतं. भाऊ मागच्या बाजूला कटिंग मशीनवर, आई वर चहा घेत होती, वहिनी कागदवाल्याकडे गेलेली. टेबलाच्या कडेला बारा सुया तयार.

वहिनीची एक पद्धत आहे. दोरा ओवला की सुईचं टोक ती त्याच दोऱ्यातून एकदा आरपार काढते, म्हणजे काम करताना दोरा निसटत नाही. त्यामुळे ते दोरे नुसते ओढून निघेनात. प्रत्येकाची ती अडकण नखानं सोडवावी लागली. म्हणून हे रागाच्या भरात, झटक्यात झालं असं मला म्हणता येत नाही. थांबायची संधी मला बारा वेळा होती.

दोरे सरळ करून मी मेणाच्या वडीशेजारी ठेवले, जणू कापून ठेवले आणि ओवायचे राहिले. रिकाम्या सुया पुन्हा पट्टीत टोचल्या.

आई खाली आली, खुर्चीत बसली आणि रोजच्यासारखे क्षणभर डोळे मिटले. हे तिचं जुनं होतं. मी एकदा विचारलंही होतं, देवाला काय म्हणतेस एवढ्याशा वेळात? तर म्हणाली, "म्हणायचं काय? त्याला सगळं माहीत असतं. मी आपली हजेरी लावते."

मग तिचा हात पट्टीकडे गेला. पहिली सुई उचलली, दोरा असायला हवा तिथून बोट फिरवलं. दुसरी उचलली. तिसरी.

"दोरे आहेत का गं इथं?"

"आहेत. कापून, मेण लावून ठेवलेत," मी म्हटलं. "ओवायचे राहिले वाटतं. विसरली असेल, घाईत होती ना." आवाज अगदी सहज निघाला. वर मी वहिनीची बाजूही घेतली होती.

आणि गप्प बसले. तिनं विचारावं म्हणून. ओवते म्हणायला माझी जीभ झडणार नव्हती, पण मला ते तिच्या तोंडून हवं होतं.

"मग काय, बाईसाहेब?" आई म्हणाली. "ओवता येतं का अजून, की नुसतं पुस्तकात वाचलंय?"

"येतं की."

"ओव मग."

मी ओवत गेले, ती शिवत गेली. सुई हातात घेतली की दोरा एकदा चिमटीतून शेवटापर्यंत ओढून बघायची तिला सवय होती. पहिल्याच दोऱ्याला तिची बोटं टोकाजवळ जरा थांबली. मग पुढे गेली. दुसऱ्यालाही तशीच थांबली. आम्ही तिच्या गुडघ्याबद्दल बोललो, सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या काकूंच्या रेडिओबद्दल बोललो. मी जेवते की नुसती चहावर जगते, असं तिनं दोनदा विचारलं. दुपारी मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आलीस." एवढंच.

शुक्रवारी सकाळी तोंड धुता धुता ती खाली बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत गेलेली होती. त्रास झाला नसेल, डॉक्टर म्हणाले. मला ते खरं मानायचं आहे.

मग माणसं यायला लागली, आणि ज्याची मला कल्पना नव्हती ते सुरू झालं. माझं कौतुक. वरच्या काकूंनी गुरुवारी रस्त्यानं जाता-येता खिडकीतून आम्हाला बघितलं होतं. प्रत्येक येणाऱ्याला त्या सांगत होत्या, "अहो, आदल्या दिवशी सबंध सकाळ लेक आईजवळ बसून सुया ओवून देत होती. कुठल्या जन्मीची पुण्याई!" बायका माझे हात हातात घ्यायच्या. "तुला समाधान आहे हो. शेवटची सेवा तुझ्या हातून झाली." मी मान हलवायचे. ज्या बाईचं सांत्वन चाललं होतं ती मी नव्हतेच. पत्र भलत्याच पत्त्यावर यावं, आणि पोस्टमन दारात उभा आहे म्हणून आपण सही करून घ्यावं, तसं चाललं होतं.

वहिनी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेली असायची. ती रडतही माझ्यापेक्षा चांगली होती. म्हणजे खरी रडत होती, नाक लाल, पदराचं भान नाही. आणि हे लिहायला लाज वाटते, पण मला त्या रडण्याचाही हेवा वाटत होता. माझ्या आईसाठी हिनं माझ्याहून जास्त रडावं?

आठवड्यानं खोली पुन्हा उघडली. कामं अडून राहिली होती. भावानं कागद कापले, घड्या घातल्या, जुजं रचून दिली. वहिनी टेबलाशी बसली आणि बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात बुधवारी भाऊ माझ्याकडे वाचनालयात आला. पुस्तकांच्या कपाटांमध्ये तो नेहमी अवघडून उभा राहतो, हात मागे घेऊन, काही सांडेल की काय अशा भीतीनं.

"ताई, हिला जरा समजाव," तो म्हणाला. "दोरे कापते, परत मोजते. सुई ओवते, परत काढून बघते. घराला कुलूप लावलं तर जिन्यातून तीनदा वर जाते. काल गॅस बंद केलाय का बघायला बाजारातून परत आली. विचारलं तर म्हणते, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"का पण?"

"त्या गुरुवारी सुया ओवायला विसरली ना. तेच घेऊन बसलीय. म्हणते, मला ओवल्याचं स्पष्ट आठवतंय, आणि आईंना तर सुया रिकाम्या मिळाल्या. मग मला आठवतंय ते काय? अगं, एवढ्याशा गोष्टीचं एवढं... तू चार पुस्तकं वाचलेली बाई आहेस, तुझं ऐकेल ती."

मी त्याला म्हटलं, येते रविवारी. तो गेला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते वाईट वाटणं नव्हतं. एक बारीकसा गोडवा होता. पहिल्यांदाच तिचा टाका चुकला होता, आणि तो चुकला असं तिलाच वाटत होतं. हा गोडवा क्षणभरच टिकला असेल. पण मी तो ओळखला. मग मला माझीच भीती वाटली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. पुढचे तीन दिवस मला वाटायचं की माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला कळलंय. आणि कुणालाच कळलेलं नव्हतं. दुसरं पहिल्याहून जास्त जड होतं. मी आयुष्यभर आतल्या गाठीची म्हणून ओळखली गेले आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आता त्या गाठीच्या आत मी एकटीच होते. कितीतरी पुस्तकांतून मी माणसांची मनं वाचली. त्या मनांना निदान लिहिणारा तरी होता, त्यांना आतून ओळखणारा. मला कोण?

शनिवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी टेबलाशी बसले होते. बाहेर माणसं दाराशी थांबलेली दिसत होती. आईसारखे डोळे मिटले. प्रार्थना मला येत नाही. मी सुरुवातच खुलाशानं करते. देवा, तसं नव्हतं, असं होतं. वहिनीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, किंवा तेव्हा वाटत नव्हतं, आणि नंतर जे वाटलं ते... असं मनात जुळवत असताना मी मध्येच थांबले. हे मी कुणाला समजावते आहे? त्याला काही सांगून कळायचं राहिलं होतं का? बारा वेळा माझं नख त्या दोऱ्यात अडकलं तेव्हा तो तिथं होता. भाऊ बोलत असताना जिभेवर गोडवा आला तेव्हाही होता. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक चाळीस वर्षांपूर्वीची मुलगी आईनं आपल्याला काहीतरी काम सांगावं म्हणून दारात उभी होती, तिलाही त्यानं बघितलं होतं. ती मला स्वतःला दिसली ती तेव्हा, त्या खुर्चीत.

आजवर मला वाटायचं, देवाला मनातलं कळतं ही घाबरवायची गोष्ट आहे, मुलांनी साखर चोरू नये म्हणून सांगायची. त्या सकाळी पहिल्यांदा ती मला टेकायला मिळालेल्या भिंतीसारखी वाटली. मला त्याच्यापुढे बरं दिसायची गरज नव्हती. वाईट दिसायचीही नव्हती. त्यातही मी अतिशयोक्ती करू शकले असते. जेवढं होतं तेवढंच तिथं धरलेलं होतं, न वाढवता, न लपवता. दोन आठवड्यांत कुणी माझ्याजवळ, खरोखर माझ्याजवळ बसलंय असं मला प्रथमच वाटलं. मी रडले. मग उठून दार उघडलं, कारण नऊ वाजून गेले होते आणि बाहेरचे म्हातारे वर्तमानपत्रासाठी कुरकुरत होते.

रविवारी घरी गेले. भाऊ मुद्दाम बाहेर गेला होता. वहिनी टेबलाशी बसलेली, समोर माझा शब्दकोश, आईनं अर्ध्यापर्यंत शिवलेला.

"या ताई," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक तसंच राहिलंय. हातच होत नाही बघा."

"राहू दे. त्याची घाई नाही."

"घाई नाही कशी? लोक विचारत असतील." ती पट्टीतल्या सुयांकडे बघत होती. दोन ओवलेल्या, दहा रिकाम्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, खरं सांगाल? माणूस दोरे कापेल, मेण लावेल आणि ओवायचंच विसरेल? मला प्रत्येक सुई आठवते हो. सातव्या सुईचं नेढं बारीक आहे, तिथं मला चाटून टोक करावं लागलं. हे कसं आठवतं मग? माझ्या डोक्यात काही बिघडलं असेल का?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण ती थांबली नाही. बरेच दिवस साठलेलं होतं.

"आणि त्यांना राग आला होता माझा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मी ह्यांनाही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते, तर आई आल्या आणि म्हणाल्या, पोरी, उद्यापासून सुया तू ओवू नकोस. दुपारी परत आले तेव्हा वरच्या काकूंकडून कळलं होतं की सुया तुम्ही ओवून दिल्यात. मी म्हटलं, का आई, आज चुकून राहिल्या, परत नाही व्हायचं. तर म्हणाल्या, राहू दे म्हटलं ना. ओवायला येईल ती. एवढं बोलून आत गेल्या. चौदा वर्षांत मला कधी काही काढून घेतलं नव्हतं त्यांनी, ताई. आणि जाताना हे घेतलं."

आईची बोटं दोऱ्याच्या टोकाजवळ थांबलेली मला पुन्हा दिसली. वहिनीनं सुई आरपार काढलेल्या जागी दोऱ्याचे तंतू फुललेले असणार. डोळ्याला न दिसणारं, आणि चाळीस वर्षं दोरा चिमटीतून ओढलेल्या बोटांना न चुकणारं. तिला कळलं होतं. एकदा ओवून पुन्हा काढलेला दोरा आहे हे तिला पहिल्याच सुईला कळलं होतं, आणि कुणी काढला हे कळायला खोलीत दुसरं होतं कोण? तरीही ती म्हणाली होती, बरं झालं आलीस. आणि संध्याकाळी जाऊन माझ्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती.

किंवा नसेलही तसं. मी आईच्या मनातलं सांगू शकत नाही. ते माझं काम नाही. पण "ओवायला येईल ती" ही तीन शब्दांची गोष्ट आता माझ्याजवळ होती, आणि खरं सांगते, ती एकटीनं ठेवून घ्यावी असं मला वाटलं. वहिनीला चौदा वर्षं मिळाली. मला एक वाक्य मिळालं तर काय बिघडलं? ते ठेवायला काहीच करायचं नव्हतं. नुसतं म्हणायचं, अगं, दुःखात माणूस विसरतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती मान हलवणार, आणि उद्या पुन्हा जिन्यातून तीनदा वर जाणार.

आजवर मी गप्प राहिले ती कुणी बघत नाही म्हणून. आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. आणि त्याची भीतीही वाटत नव्हती. ज्याला आधीच ठाऊक होतं त्यानं मला टाकलं नव्हतं. वहिनीनं टाकलं तर सहन होईल, असं वाटलं.

मी आईच्या खुर्चीत नाही, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"तुझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "तू ओवल्या होत्यास. बाराच्या बारा. मी येऊन दोरे काढले, आणि आईला सांगितलं की तू विसरलीस. आणि आईला तुझा राग आला नव्हता. तिला कळलं होतं मी काय केलंय ते. ती माझ्यासाठी म्हणाली तसं."

वहिनीच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही येऊन गेलं की मला वाचता आलं नाही. शेवटी तिनं एकच शब्द विचारला, तोही अगदी हळू.

"का?"

याचं उत्तर मी चौदा वर्षं कुणालाच दिलं नव्हतं.

"मला तुझा हेवा वाटतो, वहिनी. तू या घरात आलीस तेव्हापासून. अजूनही वाटतो, आत्ता बोलतानाही. तिनं तुला सांगायची ती कामं एकदा तरी मला सांगावीत, एवढंच मला हवं होतं. आणि ते मी तिला कधी सांगितलं नाही."